घर पाहावं जुलैत

कर्जत किंवा खालापूर तालुक्यात जमिनीचा एखादा तुकडा नावावर झाला, की मुंबई-ठाण्याच्या माणसात काही लक्षणं ठरलेल्या क्रमाने दिसू लागतात. आधी तो सातबाऱ्याचं लॅमिनेशन करून घेतो. मग 'माती' हा शब्द डोळे अर्धवट मिटून उच्चारायला लागतो. आणि त्यानंतर स्टुडिओ शोधायला निघतो. पूर्वी घर बांधायचं म्हणजे माणूस गवंडी शोधायचा. आता गवंड्याचं नाव काढलं तर घरातलेच त्याला गप्प करतात, 'अहो, आधी कन्सेप्ट तरी ठरू दे!' कन्सेप्ट ठरवायला स्टुडिओ हवा, आणि स्टुडिओ ठरवायला आपल्याला काय हवंय ते माहीत हवं. ते माहीत नसतं म्हणून तर स्टुडिओ हवा असतो. या फेऱ्यात एखादं वर्ष सहज निघून जातं. दरम्यान फोनमध्ये फोटो साठत राहतात. बालीचा तलाव, केरळचा चौक, राजस्थानचा झरोखा, ग्रीसची पांढरी भिंत, जपानी बागेतला तो विचारात पडलेला दगड. आणि हे सगळं कडावजवळच्या पाच गुंठ्यांत बसवायचं असतं. पहिल्या भेटीत हा संग्रह दाखवून झाला की गृहस्थ म्हणतात, 'थोडक्यात काय, आम्हाला अगदी साधं घर हवंय.' समोरचा तरुण डिझायनर चष्मा पुसत म्हणतो, 'साधं जरा महाग पडेल.' व्यवहार तिथेच पक्का होतो, कारण स्वस्तात साधं राहायचं असतं तर डोंबिवलीत काय वाईट होतं?

प्रस्तुत लेखकाची स्थावर मालमत्ता खिडकीतल्या दोन कुंड्यांत मावते, त्यामुळे त्याला या विषयावर निःपक्षपातीपणे लिहिता येतं. (त्यातली एक कुंडी गळते. पण कुंडीने गळायचंच असतं आणि फार्महाऊसने गळायचं नसतं, एवढं वास्तुशास्त्र त्याला कळतं.) मुद्दा असा, की विचारपूर्वक आखलेली घरं आणि बागा या भागात आहेत, त्या आखणारे चांगले स्टुडिओ आहेत आणि हाताने घडवणारे कारागीरही आहेत. गोंधळ आहे तो शोधण्याच्या रीतीत. आपण घर फोटोत पाहतो, फोटोवरून स्टुडिओ निवडतो, आणि ज्या माणसाला त्या घराची सगळी अंडीपिल्ली ठाऊक असतात त्याला 'जरा गेट उघड रे' यापलीकडे काही विचारत नाही. तो माणूस म्हणजे केअरटेकर. 'घर पाहावं बांधून' असं आपले पूर्वज सांगून गेले खरे, पण तेव्हा बांधण्याचे दर वेगळे होते. माझं म्हणणं एवढंच, की कर्जत-खालापुरात स्टुडिओ निवडायचा असेल तर त्याने आधी बांधलेलं एखादं घर भर जुलैत पाहावं, आणि पाहताना मालकाशी कमी, केअरटेकरशी जास्त बोलावं. बाकीची सगळी शोधमोहीम ही करमणूक आहे. करमणूक वाईट नव्हे. पण या करमणुकीचं बिल चौरस फुटावर येतं.

आधी फोटोचा पुरावा तपासू. मासिकाच्या गुळगुळीत पानावर कर्जतचं जे घर दिसतं ते कायम ऑक्टोबरात असतं. पाऊस सरलेला, हिरवळ सुकायची बाकी, भाताची शेतं पिवळी होत आलेली, आकाश धुऊन काढलेलं आणि मागे इर्शाळगड नाहीतर सोंडाई फोटोग्राफरने सांगितल्यासारखी नेमकी उभी. घरात माणूस नाही, दोरीवर टॉवेल नाही, गॅसचा सिलिंडर नाही, डास मारायची रॅकेट नाही. ओट्यावर एका टोपलीत तीन लिंबं, आणि तीही पिळायची नाहीत. प्रत्यक्षात इथल्या वर्षाची वाटणी अशी आहे: चार महिने पाणी, दोन महिने फोटो आणि सहा महिने धूळ. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात ते याच दोन तालुक्यांच्या डोक्यावर. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो, आणि माथेरानच्या पठारावर तर त्याहून बराच जास्त. हे काही गुपित नाही. हाच पाऊस लोणावळ्याकडच्या तलावांत साठवून, नळांतून घाटाखाली सोडून टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीत वीज काढायला सुरुवात केली. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या, आणि काम आटोपलेलं ते पाणी आजही पाताळगंगेला मिळतं. ज्या पावसाने शंभरावर वर्षं जनित्रं फिरवली, त्याला आपण सिलिकॉनच्या एका नळीने थोपवायला निघतो. आत्मविश्वास म्हणावा तर असा.

परिणाम दरवर्षी वेळेवर दिसतो. छत सपाट असतं, कारण उतरतं छत 'गावठी' वाटतं. छज्जा नसतो, कारण छज्ज्याने 'लाइन' तुटते. पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच असते, कारण सूर्यास्त. बांधकाम चालू असताना कशेळ्याचा किंवा वावोशीचा एखादा मिस्त्री थापी बाजूला ठेवून सांगतो, 'शेठ, इथनं पाणी येणार.' शेठ स्टुडिओला फोन लावतात, दोन मिनिटं 'हं, हं' करतात आणि म्हणतात, 'ते म्हणतात, ड्रॉइंगमध्ये तसं काही नाहीये.' मिस्त्री म्हणतो, 'बरं. मग तेवढं ड्रॉइंग पावसाला पण दाखवून ठेवा.' पहिल्या पावसाळ्यात झड काचेच्या फटींतून आत येते आणि इटालियन सोफ्यावर आंघोळीचे टॉवेल पसरले जातात. दुसऱ्या पावसाळ्याच्या आधी छतावर कोबा होतो, कोब्यावर रसायनाचा थर चढतो, त्या थराला दहा वर्षांची गॅरंटी मिळते आणि गॅरंटी देणाऱ्याचा फोन जून ते सप्टेंबर बंद राहतो. तिसऱ्या वर्षी निळी ताडपत्री येते. आणि चौथ्या वर्षी, ज्याचं नुसतं नाव काढलं तरी स्टुडिओतल्या मंडळींना भोवळ आली असती, तो पत्रा येतो. लोखंडी पाइपांवर, चांगला उतार देऊन, चहूबाजूंनी तीन-तीन फूट पुढे काढून. म्हणजे एवढ्या पदव्या, एवढे नकाशे, एवढे लाख रुपये खर्ची पडून घर शेवटी जिथे येऊन पोचतं, तिथे शेजारच्या ठाकरवाडीतलं घर पहिल्या दिवसापासून उभं होतं: छप्पर उतरतं, वळचण लांब.

हे शहाणपण फक्त इथल्या मातीत जन्मलेल्यांनाच येतं असंही नाही. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात चौक गावाकडून डोंगर चढून माथेरानला पोचला आणि पुढे त्याने तिथे घर बांधलं. आजच्या हिशेबाने पाहिलं तर खालापूर तालुक्यातून चढून कर्जत तालुक्यात बांधलेलं हे पहिलं 'सेकंड होम' म्हणायला हरकत नाही. मागोमाग इतर साहेबांचे आणि पारशी शेठांचे बंगले उठले. या बंगल्यांना उतरती छपरं आहेत आणि व्हरांडे इतके खोल, की पावसाने आत यायचं ठरवलं तरी त्याला वाटेत दम लागावा. गंमत म्हणजे साहेब स्वतः पावसाळ्यात माथेरानला थांबतच नसे. पहिल्या सरीला तो खाली उतरायचा. तरीसुद्धा आपण नसताना आपल्या घरावर काय कोसळणार आहे, याचा विचार करून त्याने घर बांधलं. आपले शेठही पावसाळ्याच्या मध्यावर येत नाहीत, पण त्यांना वाटतं, आपण येत नाही म्हटल्यावर पाऊसही येत नसावा.

त्याही मागचा पुरावा हवा असेल तर राजमाचीच्या पायथ्याला कोंढाण्याच्या लेण्यांत जावं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या बौद्ध लेण्यात कारागिरांनी अखंड कातळात लाकडी इमारतीची हुबेहूब नक्कल केली आहे. कठडे, सज्जे, तुळयांची टोकं, सगळं लाकडी थाटाचं आणि सगळं दगडाचं. म्हणजे एका सामानाला दुसऱ्याचं सोंग द्यायची हौस कर्जतला फार जुनी. सिमेंटला लाकडाचा, टाइलला दगडाचा आणि फायबरला पितळेचा मुलामा देणाऱ्या आजच्या मंडळींनी उगाच अपराधी वाटून घेऊ नये. फरक एवढाच, की त्या कारागिरांनी पावसात टिकणारं सामान निवडून त्याला सडणाऱ्याचं रूप दिलं आणि आपण सडणारं निवडून त्याला टिकणाऱ्याचं रूप देतो. आणखी एक गोष्ट तिथे आहे. एका शिल्पाशेजारच्या लेखात कर्त्याचं नाव कोरलेलं आहे: कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. आज फार्महाऊसच्या फाटकावर मालकाचं नाव असतं, मासिकात स्टुडिओचं नाव असतं, आणि ज्याने प्रत्यक्ष भिंत उभी केली त्याचं नाव शेठच्या फोनमध्ये 'कर्जत मिस्त्री २' एवढंच असतं. 'कर्जत मिस्त्री १' सपाट छताचं काम अर्धवट टाकून गेला, ही त्या दोनामागची कथा.

मग चांगला स्टुडिओ ओळखायचा कसा? कायद्याची मदत मर्यादित आहे. १९७२ च्या वास्तुविशारदांच्या कायद्याने, परिषदेकडे नोंदणी नसलेल्या माणसाला स्वतःला 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येत नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं, की हा कायदा ती उपाधी राखून ठेवतो, ते काम नव्हे. आणि 'स्टुडिओ' म्हणवून घ्यायला तर कुठलीच नोंदणी लागत नाही. एक लांब मेज, एक आळशी मांजर आणि मातकट रंगाचं कार्ड एवढ्या भांडवलावर स्टुडिओ उघडतो. तेव्हा नोंदणी जरूर पाहावी, पण तेवढ्यावर थांबू नये. ज्यांची नावं खरोखर टिकली त्यांनी काय केलं, ते पाहावं. अमेरिकेत फ्रँक लॉइड राइट यांच्याकडे शिकून आलेले नारी गांधी रायगडच्या किनाऱ्यावर आणि लोणावळ्याला घरं बांधत, तेव्हा नकाशे जवळपास काढतच नसत. दिवसभर गवंडी-सुतारांत उभे राहून दगडाशी बोलत. स्टुडिओ मुंबईने अलिबागजवळ चोंढीला 'कॉपर हाऊस टू' बांधलं, तेव्हा विहीर खणताना निघालेल्या मातीचा उंचवटा करून घर त्यावर ठेवलं, पुराचं पाणी खालून जावं म्हणून. आणि खुद्द कर्जतला आर्किटेक्चर ब्रिओ या स्टुडिओने नदीकाठी बांधलेलं 'रिपेरियन हाऊस' उताराच्या पोटात शिरून बसलं आहे. वर गवताचं छत आणि पुढच्या व्हरांड्याला उभ्या बांबूंचा पडदा. तिघांच्या शैलीत काडीचं साम्य नाही. साम्य एकाच बाबतीत आहे: घर कसं दिसेल याच्याआधी पाणी कुठून येईल आणि कुठे जाईल, हे तिघांनी पाहिलं.

बागेची कहाणी घराहून सुरस आहे, कारण घरात निदान गळतं तेव्हा चूक कळते; बागेत चूक फुलते. पहिल्या पावसाबरोबर इथल्या जमिनीतून टाकळा, कुर्डू, भारंगी, तेरडा, कळलावी फुकटात वर येतात. यातल्या भाज्यांचे वाटे करून कातकरी-ठाकर बाया बाजारात बसतात, आणि त्याच भाज्या खायला शहरात रानभाजी महोत्सव भरतात. फार्महाऊसवर मात्र हे सगळं मुळापासून उपटलं जातं, वर ट्रकने आणलेली लाल माती पसरली जाते आणि त्यावर मेक्सिकन लॉनच्या चटया अंथरल्या जातात. जुलैत बाईसाहेब विचारतात, 'हे मधेच काय उगवलंय?' माळी म्हणतो, 'कुर्डू हाय, ताई. भाजी लई छान होते.' 'काढून टाका ते आधी. आणि त्या कोपऱ्यात आपल्याला किचन गार्डन करायचंय.' माळी कुर्डू उपटून घरी नेतो, त्याच्या घरी भाजी होते. बाईसाहेबांच्या किचन गार्डनमध्ये मे महिन्यापर्यंत चेरी टोमॅटोचं एक रोप माकडांची वाट पाहत उभं असतं. मग धुळीच्या सहा महिन्यांत लॉन जगवायला टँकर येतो. रस्त्यात त्याला वाडीवर जाणारा दुसरा टँकर भेटतो, तो माणसांसाठी असतो. एवढं करून बाग उन्हाळ्यात भकास दिसतेच. आणि कुंपणापलीकडे, कुणी पाणी घातलेलं नाही, कुणी डिझाइन केलेलं नाही, तिथे फेब्रुवारी-मार्चात पळस, पांगारा आणि काटेसावर पानं झाडून पेटलेले असतात. त्यांचं आटोपतं तोवर बहावा सोनं उधळतो आणि ताम्हण जांभळी होते. ही ताम्हण महाराष्ट्राचं राज्यफूल. पण नर्सरीत तिच्याकडे पाठ करून बॉटल पामचा भाव विचारला जातो, कारण बॉटल पाम 'मेंटेनन्स फ्री' आहे. आहेच, ज्यात पक्षी बसत नाही, सावली पडत नाही आणि खायचं फळ धरत नाही, त्याचा मेंटेनन्स तो काय असणार? उरलेल्या जागेत फायबरचा बुद्ध बसतो. कोंढाण्याला खरे भिक्षू राहत होते तेव्हा त्यांनी चैत्यात स्तूप घडवला, बुद्धाची मूर्ती घडवली नाही. आज भिक्षू नाहीत, पण तलावाच्या कडेला डोळे मिटलेला बुद्ध घरोघर आहे. शनिवारी रात्री तिथे जे स्पीकर लागतात ते ऐकता, डोळ्यांबरोबर कानही मिटायची सोय शिल्पकाराने करायला हवी होती.

आता केअरटेकरकडे येऊ. घर कोणासाठी बांधलं, याचं उत्तर कागदावर एक असतं आणि कॅलेंडरवर दुसरं. मालक शनिवार-रविवारी येतो, तेही पहिल्या वर्षी; पुढे दिवाळी, थर्टी फर्स्ट आणि एखादा वाढदिवस. उरलेलं वर्ष त्या घरात, खरं म्हणजे त्या घराभोवती, केअरटेकर राहतो. कुठली खिडकी जूनमध्ये फुगून बसते, कुठल्या बटणाला झटका लागतो, नाग कुठल्या डेकखाली राहतो, कोणत्या कोपऱ्यात वाळवी लागली आणि शेठला अजून सांगायची आहे, हे सगळं त्याला ठाऊक असतं. त्याची स्वतःची खोली मात्र तलावाच्या पंपाला चिकटून असते. पश्चिमेला दार, भिंतीकडे तोंड केलेली एक खिडकी, वर पत्रा. ड्रॉइंगवर त्या चौकोनात 'सर्व्हिस' एवढंच लिहिलेलं असतं, जणू काही तिथे बादल्या आणि झाडू राहणार आहेत. आणि खरी गंमत पुढे आहे. त्या खोलीचं डिझाइन कोणी केलेलं नसल्यामुळे ती मिस्त्रीने आपल्या अकलेने बांधलेली असते; म्हणून पावसाळ्यात सबंध आवारात न गळणारी तेवढी एकच जागा उरते. मालकाच्या शयनगृहातली गादी जुलैत वाळायला तिथेच येते. विचारपूर्वक आखलेल्या घराची व्याख्या मी म्हणूनच सोपी करीन: ज्या घरात केअरटेकरच्या खोलीला वारा, सावली आणि कपडे वाळवायला आडोसा दिला आहे, त्या घरावर कोणीतरी विचार केलेला आहे. बारा महिने राहणाऱ्याचा ज्याने विचार केला नाही, त्याने बारा दिवस राहणाऱ्याचा केला असेल हे संभवत नाही. त्याने फक्त फोटो काढणाऱ्याचा केला.

यावर आक्षेप येणार. पहिला आक्षेप खिशाचा: ज्याचे पैसे त्याची काच, तुम्हाला काय त्याचं? मान्य. हौसेला मोल नसतं. पण सूर्यास्तासाठी लावलेल्या काचेतून जून ते सप्टेंबर सूर्यच दिसत नाही, आणि उरलेल्या महिन्यांत दुपारी तीनपासून इतका दिसतो की पडदे ओढून आत एसी लावावा लागतो. तीन फुटांचा छज्जा दिला तर सूर्यास्त मुळीच अडत नाही; मावळता सूर्य खाली असतो, छज्जा वर असतो. एवढं भूगोलाच्या पुस्तकात आहे, त्याला स्टुडिओ लागत नाही.

दुसरा आक्षेप कारागिरांचा: इथले मिस्त्री-सुतार बेभरवशाचे, भातलावणीला गायब, गणपतीला गायब, जत्रेला गायब. हेही खरं आहे. लावणीच्या दिवसांत या तालुक्यांत कामाला माणूस मिळत नाही, कारण तो स्वतःच्या शेतात किंवा शेजाऱ्याच्या शेतात वाकलेला असतो. पण स्टुडिओतली माणसं हाताशी असतात अशी समजूत असेल तर एकदा ऑगस्टमध्ये फोन करून पाहावा. 'सर बिएनालेला गेलेत.' 'मॅडम दुसऱ्या साइटवर आहेत.' 'तुम्ही व्हिडिओ पाठवा, आम्ही तो बघून सांगतो.' व्हिडिओत पाणी गळताना छान दिसतं, प्रकाशही चांगला असतो. पण तिकडून उत्तर येतं, 'हे सेटलमेंट आहे, घाबरू नका.' मिस्त्री लावणी आटोपून का होईना, परत येतो, कारण त्याला पुढची चाळीस वर्षं त्याच बाजारात भाजी घ्यायची असते आणि त्याच लग्नात पंगतीला बसायचं असतं. ज्याला तुमचं तोंड पुन्हा पाहावं लागणार आहे, तो भिंत जपून बांधतो. या भागात हात आहेत आणि तेही चांगले आहेत. शेजारचा पेण तालुका देशोदेशी गणपती पाठवतो. तिथली बोटं मूर्तीच्या पापणीवरून ब्रश फिरवताना थरथरत नाहीत. बांबूचं काम हवं तर बुरूड आहेत, आणि मोठ्या मांडणीचं हवं तर कुडाळची कॉनबॅक ही संस्था बांबूची बांधकामं करतेच. पण आपला शेठ दिवाणखान्यातलं टोपलं बालीहून मागवतो, आणि त्याची काडी सुटली की दुरुस्तीला बुरूडच शोधतो.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे आणि तो गावातूनच येतो. कौलं, माती, कुडाच्या भिंती हे तुम्हा शहरी लोकांचं वेड. गावकरी स्वतः पैसे आले की सिमेंटचा स्लॅब टाकतो, त्याचं काय? अगदी रास्त प्रश्न. कौलारू घरात राहणाऱ्याला विचारा: दर वर्षी आगोटीला कौलं शाकारायची, वानरांनी फोडलेली बदलायची, वासे वाळवीने खाल्लेत का ते ठोकून पाहायचं, कारवीचा कूड दर थोड्या वर्षांनी नव्याने लिंपायचा. ज्याला हे करावं लागतं त्याला त्यात कविता दिसत नाही. तो स्लॅब टाकतो तेव्हा त्याच्याकडे कारण असतं: वर धान्य वाळत घालायचं आहे, मिरच्या पसरायच्या आहेत, धाकट्याचं लग्न झालं की एक मजला चढवायचा आहे. आणि पाणी येऊ लागलं की तो मुकाट्याने वर पत्रा टाकतो, त्याला 'डिझाइन इंटरव्हेन्शन' म्हणत नाही. त्यामुळे भांडण माती विरुद्ध सिमेंट असं नाहीच. सिमेंटचं घर विचाराने बांधता येतं आणि मातीचं घर अविचाराने. मातीच्या भिंतीला जोतं आणि वळचण न देता ती बांधणारे उत्साही लोकही आहेत, आणि त्यांची भिंत पहिल्याच आषाढात जिथून आली होती तिथे परत जाते. भांडण कारणाचं आहे. गावकऱ्याच्या सपाट छताला कारण आहे. शेठच्या सपाट छताला संदर्भ आहे, तोही फोनमधला.

चौथा आक्षेप असा, की केअरटेकर खरं सांगणारच नाही. नोकरी जायची भीती. विचारलं तर म्हणेल, 'सगळं मस्त हाय, शेठ.' म्हणेलच. कारण आपण प्रश्नच चुकीचा विचारतो. घर कसं आहे, असं विचारलं की उत्तर मालकाच्या आदराने येतं. त्याऐवजी विचारावं, 'दादा, पावसात बादल्या कुठं कुठं ठेवता?' हा प्रश्न व्यवसायाचा आहे, त्याचं उत्तर तो अभिमानाने देतो. 'एक जिन्याखाली, दोन हॉलमध्ये, मोठं घमेलं देवघरात आणि शेठच्या रूमला टब.' एवढ्या एका वाक्यात त्या स्टुडिओचं संपूर्ण मूल्यमापन येतं, आणि ते वास्तुकलेच्या कुठल्याही पुरस्कारापेक्षा विश्वासार्ह असतं. परीक्षकमंडळ घरं पाहतं ती बहुधा फोटोत, केअरटेकर पाहतो ती बादलीत. पाठोपाठ दुसरा प्रश्न: 'मे महिन्यात झाडांना पाणी कुठून घालता?' आणि तिसरा, जमलं तर: 'तुमची खोली बघू का?' ही शेवटची खोली दाखवताना तो संकोचला तर समजावं, स्टुडिओनेही तिच्याकडे पाहताना असाच संकोच केला होता.

म्हणून ज्यांच्या नावावर या दोन तालुक्यांत जमीन झाली आहे, त्यांना हात जोडून विनंती. २००३ पासून माथेरानभोवतीचा बराच भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरलेला आहे, तेव्हा आपली जमीन त्यात येते का ते आधी तहसीलदाराकडे पाहा आणि डोंगराचा उतार जेसीबीने सपाट करण्याआधी तो उतार पाण्याचा आहे हे लक्षात घ्या. कन्सेप्ट एक वर्ष लांबला तर लांबू द्या. पण जुलैतल्या एखाद्या धो-धो शनिवारी छत्री घेऊन कर्जत लोकल पकडा, जो स्टुडिओ मनात आहे त्याने बांधलेलं घर गाठा आणि बादल्या मोजा. एकही नसेल तर त्या स्टुडिओला जास्त पैसे द्या, ते त्याने कमावले आहेत. दोन असतील तर घासाघीस करा. त्यापुढे गेल्या तर स्टुडिओ सोडा आणि ज्याने केअरटेकरची खोली बांधली त्या मिस्त्रीचा नंबर घ्या. तो नंबर फोनमध्ये साठवताना मात्र त्याचं पूर्ण नाव लिहा.